विहारात अजून एक भिक्खू आहे

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' थोडा थोडा वाचायचा, प्रत्येक घरातल्या एकानं, पाळीपाळीनं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे उच्चार दुरुस्त करायचं काम न मागता माझ्याकडे आलं आहे. वाचणारा उभा राहिला की त्याच्या आईबापाची मान जरा ताठ होते, हे मी लहानपणापासून पाहत आले. आमच्यात वाचता येण्याला नुसत्या सोयीची किंमत नाही. ज्यांच्या पणज्यांना शाळेच्या ओसरीबाहेर बसवलं, त्यांच्या पोरानं चार माणसांत पुस्तक हातात धरून वाचणं याला वंदनेइतकाच मान आहे. १४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांच्या आठवणीनं मुलं सलग १८ तास अभ्यासाला बसतात. देव्हारा नसलेल्या घरांत पुस्तकांची फळी मात्र असते.

मग ज्या मुलाला अक्षर लागतच नाही, त्याला या घरात जागा कुठली? शिकण्यातूनच सुटका आहे असं जो धर्म सांगतो, त्यात न वाचू शकणाऱ्याची सुटका कशी व्हायची? शिक्षिका म्हणून या मुलाचं काय करायचं ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. हा प्रश्न मला उपासिका म्हणून पडला आहे.

मुलगा माझ्या पाचवीच्या वर्गात आहे. आई दोन घरी पोळ्या लाटते, वडील मालवाहू ऑटो चालवतात. बाजाराचा हिशेब तो तोंडी करतो, गणपतीच्या दिवसांत मंडळाची वायरिंग पाहून येऊन मला समजावतो. पण फळ्यावरच्या 'भाकर'चं तो 'माकर' वाचतो, 'घर' आणि 'धर' यांपुढे दर वेळी थबकतो. वेलांटी त्याची वैरीण. 'कि' म्हणताना आधी ऐकू येतो क, लिहिताना आधी काढायची वेलांटी. रफार ऐकू येतो एका जागी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'र' मराठीत किती सोंगं घेतो हे ज्याला वाचता येतं त्याच्या लक्षातही येत नाही: सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. याच्या वहीत कर्माचं क्रम होतं आणि क्रमाचं कर्म. आपली लिपी उच्चाराला धरून चालते असं आपण अभिमानानं सांगतो. ते बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे असं मूल उशिरा सापडतं. पहिली-दुसरीत सुटी अक्षरं ते ओढूनताणून नेतं. तिसरी-चौथीत जोडाक्षरांची गर्दी झाली की वाचन चुकतं त्याहून जास्त मंदावतं. ओळ संपेपर्यंत ओळीचा आरंभ हातून गेलेला असतो. आणि मंद वाचणाऱ्याला मंद म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही.

याला डिस्लेक्सिया म्हणतात. नाव जुनं आहे, बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं ते १८८७मध्ये वापरलं. लहान मुलातला जन्मजात प्रकार १८९६मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं लिहून ठेवला. १४ वर्षांचा हुशार मुलगा, खेळात चपळ, पण वाचता येईना. त्याच्या मास्तरांचं मत असं की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. त्या मास्तरांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी दोष कुठे आहे ते नेमकं सांगितलं. वाचनासाठी मेंदूत जन्मतः कुठली खोली बांधलेली नसते. लिपी माणसाकडे सुमारे पाच हजार वर्षांपासून आहे. मेंदू त्याआधीच घडून गेलेला. पाहण्याचे आणि बोलण्याचे जुने भाग एकमेकांना जोडून प्रत्येक मूल आपापलं वाचन नव्यानं उभं करतं. ज्याच्या मेंदूला शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांना बांधणं जड जातं, त्याचं ते उभं राहायला वेळ लागतो आणि मेहनत दुप्पट. हे बरेचदा घराण्यात चालत येतं. आळसाशी, लाडाशी, मोबाइलशी त्याचा संबंध नाही.

वर्गात मी काय करते ते थोडक्यात सांगते, कारण ते काही गुपित नाही. ताटात रवा पसरून त्यावर बोटानं अक्षर, तोंडानं त्याच वेळी आवाज. शब्दाचे तुकडे टाळ्यांवर. रफार लाल खडूनं. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती नाही. मोठ्यानं वाचायला मी त्याला अचानक उठवत नाही. उद्या वाचायचा उतारा आज देते. इतिहासाचं उत्तर तो तोंडी देतो आणि मी मार्क इतिहासाचे देते, वेलांटीचे कापत नाही. यातलं बरंचसं बाकीच्या मुलांच्याही उपयोगी पडतं. रव्याच्या ताटाला तर रांग लागते.

त्याच्या आजीनं एकदा शाळेच्या फाटकाशी मला गाठून विचारलं, "मॅडम, मागच्या जन्माचं असंन का काही?" घर २२ प्रतिज्ञा घेतलेलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पण दुःख मोठं झालं की तोंडात जुनंच उत्तर येतं. यात आजीला हसण्यासारखं काही नाही. कारण नसलेलं दुःख सोसणं सगळ्यात कठीण असतं. पाप म्हटलं की निदान कारण तरी मिळतं.

बाबासाहेबांनी याच उत्तरावर नेमका घाव घातला आहे. मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ या जन्मी भोगायचं, ही शिकवण बुद्धाची असूच शकत नाही असं त्यांनी ग्रंथात मांडलं. तिचा उपयोग एकच, गरिबांच्या आणि खालच्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकायची, असा त्यांचा आरोप आहे. तो मी वर्गाला लावून पाहते. मुलगा वाचत नाही. कारण मागचा जन्म. म्हणजे शाळेनं काही करायचं उरलं नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मागच्या जन्माचं नाव कुणी काढत नाही, आम्ही शिकलेली माणसं. आम्ही म्हणतो 'घरी वातावरण नाही', 'लक्षच देत नाही', 'बेसिक कच्चं आहे'. काम तेच होतं.

पण धम्माच्याच परंपरेत एक गोष्ट आहे, आणि तिच्यात मागचा जन्मही आहे. ती मी एका वर्षावासात भंतेजींकडून ऐकली, मग धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, शोधून वाचली. दोन भाऊ होते, महापंथक आणि चुल्लपंथक. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या मुलीनं घरच्या नोकराशी संसार थाटला, पळून गेली, आणि दोन्ही मुलं माहेरच्या वाटेवर जन्मली, म्हणून ही नावं. थोरला संघात गेला, अर्हत झाला. त्यानं धाकट्याला दीक्षा दिली आणि एक गाथा पाठ करायला सांगितली. एकच. चार महिने गेले तरी ती येईना. पुढचा शब्द घेतला की मागचा जाई. शेवटी महापंथकानं सांगितलं, तुझ्याच्यानं हे होणार नाही, विहारातून जा. त्याच सुमाराला जीवक वैद्यानं बुद्धाला आणि संघाला भोजनाचं आमंत्रण दिलं. किती भिक्खू येणार हे सांगण्याचं काम महापंथकाकडे होतं. त्यानं मोजणीतून धाकट्याला वगळलं.

पहाटे चुल्लपंथक निघून जात असताना बुद्ध फाटकाशी उभे. का जातोस, विचारलं. भावानं काढलं म्हणाला. बुद्धांनी त्याला आत नेलं, पूर्वेकडे तोंड करून बसवलं, एक स्वच्छ फडकं हातात दिलं, आणि ते चोळत 'रजोहरणं', म्हणजे मळ काढणारं, एवढंच म्हणत राहायला सांगितलं. सूर्य वर आला, हाताच्या घामानं फडकं मळत गेलं. पांढरं होतं ते असं झालं, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलं आणि अनित्यता त्याला उमजली.

शिक्षकांच्या कार्यशाळेत ही गोष्ट सांगितली तर कुणीतरी ताबडतोब म्हणेल की ही बहुसंवेदी पद्धत. तथागतांना विशेष शिक्षकाच्या पदावर बसवायची माझी इच्छा नाही. शिवाय आणखी एक मोह मला टाळायचा आहे. आपल्याकडे पूर्वी सगळं तोंडी होतं, तेव्हा या मुलांचं काही अडत नव्हतं, असं पुष्कळ लोक हळहळून बोलतात. चुल्लपंथकाकडे बघा. त्याच्यापुढे पुस्तक नव्हतंच. गाथा कानानं घ्यायची होती, आणि तीच त्याला पेलली नाही. डिस्लेक्सियाचा गाभा डोळ्यात कमी आणि ध्वनीत जास्त असतो. अशा पुष्कळ मुलांना शब्दशः पाठांतरही जड जातं. माझ्या वर्गातल्या या मुलाला त्रिशरण-पंचशील यायला किती काळ गेला ते त्याच्या आईला विचारा. आणि ज्या काळात ज्ञान तोंडी होतं त्या काळात ते कुणाच्या कानावर पडू द्यायचं याचे नियम आमच्या लोकांना पुरते ठाऊक आहेत. त्या काळासाठी मी हळहळणार नाही.

आता मागचा जन्म. चुल्लपंथक असा का, याचं उत्तर अट्ठकथा देते. पूर्वीच्या कश्यप बुद्धाच्या काळी तो हुशार भिक्खू होता. एक मंदगतीचा भिक्खू पाठ करत बसला असताना हा त्याला हसला. तो इतका शरमला की त्यानं शिकणंच सोडून दिलं. त्याचं फळ म्हणून या जन्मी याची ही गत.

मी मागचा जन्म मानत नाही. पण गोष्ट सांगणाऱ्यानं हजार पापांतून कोणतं पाप निवडलं ते मी बघते. चोरी नाही, हिंसा नाही, गुरुद्रोह नाही. न येणाऱ्याला हसणं. वाचता न येणं हे ज्या कर्माचं फळ म्हणून दाखवलं, ते कर्म हुशार माणसाचं होतं. वर्गात हा मुलगा अडखळतो तेव्हा कर्म घडत असेल तर ते मागच्या बाकावर घडतं, जिथून खसखस ऐकू येते, आणि टेबलापाशी घडतं, जिथून ती थांबवली जात नाही. आजीला मी हेच सांगितलं, माझ्या शब्दांत. तिला पटलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "मंग हासनाऱ्याले सांगा न, मॅडम." बरोबर होतं तिचं.

गोष्टीत मला अडचणही आहे. पुढे जीवकाकडे सगळे जेवायला बसले. दक्षिणोदक, म्हणजे दानाचं पाणी, द्यायची वेळ आली तेव्हा बुद्धांनी भिक्षापात्रावर हात ठेवला आणि विचारलं, विहारात कुणी भिक्खू उरला आहे का? महापंथक म्हणाला, नाही. जीवकानं माणूस पाठवला. तो पाहतो तो विहाराच्या आमराईभर भिक्खूच भिक्खू. चुल्लपंथकानं ऋद्धीनं आपली हजार रूपं केली होती. मग त्याला आणलं, आणि भोजनानंतरचं प्रवचनही बुद्धांनी त्यालाच करायला सांगितलं. त्यानं ते उत्तम केलं. असा शेवट माझ्या वर्गात होणार नाही. हा मुलगा मोठा होईल तेव्हाही सावकाशच वाचेल. शिकवल्यानं वाचन सुधारतं, मेंदूची घडण तीच राहते. आणि म्हणून भिंतीवरची ती पोस्टरं मला सोसत नाहीत, ज्यांवर आइन्स्टाइन आणि लिओनार्दो यांची चित्रं छापून त्यांनाही डिस्लेक्सिया होता म्हणून आईबापांना धीर दिलेला असतो. मेलेल्या माणसांचं निदान करायचं, आणि तेही केवढ्या भरवशावर! शिवाय त्यातून मुलाला कळतं काय? तू प्रतिभावंत निघालास तरच तुझं न वाचणं माफ. 'तारे जमीन पर' २००७मध्ये आला तेव्हा आमच्या शाळेतही दाखवला होता. चांगलाच आहे. पण त्यातला मुलगा चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. माझ्या वर्गातल्या मुलाला चित्र बरं काढता येतं, इतरांइतकं.

म्हणून मी गोष्टीतला क्रम धरून ठेवते. बुद्ध फाटकाशी उभे राहिले ते चमत्काराच्या आधी. त्या वेळी चुल्लपंथक म्हणजे एक गाथा न येणारा, रडवेला, हाकललेला पोरगा होता, त्याहून जास्त काही नाही.

काही करून दाखवण्याआधीच मुलाला सामावून घ्यायचं का? परीक्षेतल्या सवलतीचा वाद इथूनच निघतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता धरली आहे. परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त, लागला तर लेखनिक. महाराष्ट्रात दहावीच्या सवलती तशा १९९०च्या दशकापासून आहेत, पण चाचणी करून घ्यायला जे मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचू शकले, त्यांच्या मुलांपर्यंत त्या आधी पोहोचल्या. आमच्या मुलांबाबत दुहेरी घोळ होतो. एकीकडे कुणाला संशयच येत नाही, कारण पोळ्या लाटणाऱ्या बाईचा मुलगा वाचत नाही यात नवल वाटत नाही. दुसरीकडे संशय आला तर आईच कागदाला घाबरते. "माह्या पोट्ट्याले बह्याड लिहून देतीन," या भीतीनं ती दोनदा दवाखान्याच्या दारातून परतली. तिच्या भीतीला इतिहास आहे. यांच्या डोक्यात शिक्षण शिरत नाही, हे आमच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं; आता तेच सरकारी शिक्क्यानिशी लिहून आणा म्हणते मी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं मराठीतून करायची चाचणी तयार केली आहे, इंग्रजी येत नाही म्हणून मूल नापास होईल अशी ती नाही, हे मी तिला समजावते. कागदावर बुद्ध्यंकही असतो आणि तो चांगला आला तर भिंतीवर लाव, असंही म्हणते. ती हसते, पण गेलेली नाही अजून.

माझे एक सहकारी, सज्जन माणूस, मला विचारतात, "मग बाकीच्यांवर अन्याय नाही का, ताई? वेळ सगळ्यांनाच कमी पडतो." हा प्रश्न मी टोलवत नाही. वर्गात ४० मुलं आणि मी एक. त्याच्या ताटातला रवा सारखा करताना माझी पाच मिनिटं जातात ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याची असतात. नैतिक गोष्टी सांगताना हा हिशेब आपण लपवतो. जीवकाच्या घरी तो लपलेला नाही. पात्रावर हात ठेवला तेव्हा अख्खा संघ अन्नापुढे बसून होता. माणूस विहारात जाऊन परत येईपर्यंत सगळे थांबले. एकाला मोजायला बाकीच्यांचा वेळ लागला, आणि तो वेळ त्यांच्याकडून घेतला गेला. ज्याला वाचन फुकटात मिळालं, माझ्यासारख्याला, त्यानं तो द्यायला कुरकुर करू नये असं मला वाटतं; मी कोणत्या पुण्यानं भराभर वाचते? पण मागच्या बाकावरची जी पोरगी गप्प बसून असते, जिला काही निदान नाही आणि जी पाढ्यात अडली आहे, तिच्या वाटणीचा वेळ मी कुठल्या हक्कानं घेते, हे मला गोष्टीतून काढता येत नाही. तिथे दुसरा शिक्षक लागतो. ते धम्माचं काम नाही, शासनाचं आहे.

न वाचू शकणाऱ्याची सुटका कशी, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ग्रंथातच मिळालं. सद्धम्म कशाला म्हणायचं हे सांगताना बाबासाहेबांनी एकापुढे एक पायऱ्या मांडल्या आहेत. विद्या सर्वांना खुली करतो तो सद्धम्म. लगेच पुढे, नुसती विद्या पुरेशी नाही, तिनं माणूस कोरडा पंडित होऊ शकतो, हे शिकवतो तो सद्धम्म. आणि हवी असते ती प्रज्ञा. वर्षावासात हा भाग आम्ही दर वर्षी वाचतो, आणि आमचा सगळा जोर पहिल्या पायरीवर असतो. ते साहजिकही आहे, ती पायरी आम्हाला मिळवावी लागली. पण तिथेच थांबलो तर वाचन हीच नवी शुद्धता होऊन बसेल, आणि तिच्याबाहेर आमचंच एक पोर उभं राहील. फडकं मळताना पाहून ज्याला अनित्यता कळली त्याची प्रज्ञा गाथा पाठ असलेल्यापेक्षा कमी होती, असं अट्ठकथा कुठेही म्हणत नाही.

या गोष्टीत मी सगळ्यात जास्त विचार करते तो महापंथकाचा. तो दुष्ट नव्हता. अर्हत होता, राग, द्वेष संपलेला माणूस. त्यानं चार महिने वाट पाहिली, प्रामाणिकपणे मोजलं आणि प्रामाणिकपणे वगळलं. विहारात कुणी नाही हे त्यानं सांगितलं तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं. वाईट शिक्षकापासून मुलाला वाचवणं सोपं आहे, तो ओळखू येतो. चांगल्या शिक्षकाच्या हातून होणारं वगळणं रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात असतं.

शिष्यवृत्ती परीक्षेला कुणाकुणाला बसवायचं याची यादी वर्गशिक्षिकेनं करायची असते. निकालाची टक्केवारी शाळेच्या नावावर लागते, त्यामुळे कच्ची मुलं यादीत घेऊ नयेत असं तोंडी सांगितलं जातं, लेखी कधीच नाही. मी त्याचं नाव घातलं, मुख्याध्यापकांनी त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून यादी परत पाठवली. चिन्ह खोडून मी ती पुन्हा टेबलावर ठेवली आहे, सोबत पाढ्यात अडलेल्या मुलीचं नावही वाढवून. शुल्क भरायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.